फाट्याचा नऊ

आकुर्डीत भाड्याची सायकल घ्यायची म्हणजे सकाळी साडेपाचला दुकानासमोर उभं राहायचं, आणि नुसतं उभं राहून भागायचं नाही, कोपरंही मारायची. बस यायची ती भरलेलीच, थांब्यावर न थांबता पुढं जायची. स्वतःची सायकल असणारे मोजके. बाकी आम्ही, पहिल्या शिफ्टचे तीस-चाळीस जण, त्या पत्र्याच्या शेडपुढं रोज एकमेकांचे पाय तुडवत असू. ब्रेक लागणारी सायकल मिळाली तर नशीब. नाही तर चपलेनं ब्रेक लावत, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ट्रकांमधून कंपनी गाठायची. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, आयटीआय करून लेथवर लागलेला, आणि माझा हात तोंडाच्या आधी चालायचा. त्या शेडपुढं मी दोघांची नाकं फोडली आणि एकदा स्वतःचा दात गमावला. याची लाज वगैरे कुणाला वाटत नसे. सकाळी ज्याचं नाक फोडलं तोच संध्याकाळी माझ्या कॅरिअरवर डबलसीट बसून घरी यायचा.

दुकानदार गावातल्या जुन्या शेतकरी घरातला. त्याची जमीन कारखान्यात गेली आणि आलेल्या पैशातून त्यानं सायकली घेतल्या. सगळ्या एकाच हिरव्या रंगाच्या. हातात कायम जुन्या टायरचा हातभर तुकडा. चाक वाकवून आणलं की तो तुकडा पाठीत बसायचा, मग चहा मिळायचा. हात उगारताना आणि चहा ओतताना त्याचा चेहरा सारखाच असे.

त्याची एक रीत होती. महिन्यानं सायकल घेणाऱ्याला तो एक नंबर कायमचा लावून द्यायचा. मग ती सायकल त्याचीच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि त्या दिवसापासून त्या माणसाचं नावही तेच. "नावं घरी ठिवायची," तो म्हणायचा. "हितं नंबर. एकोणतीस, तुजं मागलं चाक हालतंय बग." मी चार वर्षं एकोणतीस होतो. कंपनीतसुद्धा निम्मे लोक मला त्याच नावानं हाक मारायचे. सात नंबरचा एक जण होता, तो चिंचवडच्या पुढं ट्रकखाली गेला. दुकानदारानं सायकल सरळ करून घेतली, रंग मारला आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या माणसाला सात करून टाकलं.

नंबर तो स्वतःच्या हातानं रंगवायचा, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं. शाळेत तो फारसा गेलेला नव्हता, आकडे त्यानं आपले आपण शिकलेले. त्यामुळं त्याचा नऊ म्हणजे एकच असायचा, फक्त त्या एकाच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढा एक फाटा काढलेला. फाटा असला तर नऊ, नसला तर एक. ही गोष्ट आम्हा जुन्यांना पाठ होती. नव्या माणसाला सांगायची कुणाला आठवण राहत नसे.

असाच एक नवा माणूस एका सकाळी आला. उस्मानाबादकडचा, किडकिडीत, डोक्याला मफलर. त्याला आदल्या दिवशी एकवीस नंबर मिळालेला. मी पोचलो तर गडी माझी एकोणतीस काढून टांग मारतोय. मी विचारलं नाही, काही नाही. कानाखाली अशी ओढली की तो ओळीतल्या सायकलींवर पडला आणि सगळी ओळ त्याच्या अंगावर आडवी झाली. ओठ फाटला. मी त्याला परत कॉलरला धरून उचलला. तो रक्त पुसत म्हणाला, "चुकलं भाऊ. शाळा लई झाली न्हाई माझी. एकच दिसला मला."

दुकानदार हसत आला. मला टायरचा एक तडाखा दिला, त्याला मडगार्डजवळ बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं. "ह्यो फाटा. फाटा बगत जा, बाबा. न्हायतर ह्यो येडा रोज मारंल तुला."

तो नवा माणूस माझ्याच कंपनीत, माझ्या शेजारच्या मशीनवर लागला होता. पुढं तीन वर्षं आम्ही चाकाला चाक लावून गेलो-आलो. चढावर माझा दम गेला की तो डाव्या हातानं माझी सीट ढकलायचा आणि उजव्यानं स्वतःचं हँडल धरायचा. त्या उजव्या हाताचं कौतुक सुपरवायझरसुद्धा करायचा, इतका त्याचा माल मापात यायचा. गावाकडचं सगळं विकून तो बायको आणि दोन मुलींना घेऊन आला होता. परत जायला मागं काही नव्हतं, असं तो सहज सांगायचा. त्या कानाखालीबद्दल मी त्याची कधी माफी मागितली नाही. वाटायचं खूप, पण तोंडातून निघायचं नाही.

मग माझं लग्न झालं. सासऱ्यांनी नवी सायकल दिली आणि माझी एकोणतीस दुसऱ्या कुणाला तरी लागली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

संप झाला तो त्यानंतर. हिवाळा होता. पहिले दोन आठवडे जत्रेसारखे गेले. पाचव्या आठवड्यात घराघरांतले डबे वाजायला लागले आणि माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली. सातव्यात कळलं की मागच्या गेटनं काही जण आत जातायत.

आता त्यांना ओळखायचं कसं? स्वतःची सायकल घेऊन कुणी जात नव्हतं. ती लगेच ओळखू येते. कुणाच्या हँडलला गोंडे, कुणाच्या चेनकव्हरवर मुलीचं नाव. म्हणून ते भाड्याची घ्यायचे, तोंडाला मफलर गुंडाळायचे आणि अंगावर शाल. उरला फक्त मडगार्डवरचा नंबर. कमिटीत एक जण होता, उंच, बोलणं अगदी हळू. त्याला सगळे दादा म्हणत. तो माझ्याकडं आला. "भावा, हिरव्या सायकली तुला पाठ आहेत. मागच्या गेटच्या नाल्यापाशी बस. नंबर घे. बाकीचं आम्ही बघतो."

बाकीचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्याआधी दोघांना नाल्यात बुडवून काढलं होतं, एकाची बरगडी मोडली होती. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट चेव आला होता. माझ्या घरात बायको सातव्या महिन्यात, दूध बंद झालेलं, आणि हे हरामखोर आत जाऊन ओव्हरटाइम करणार! मी नाल्याच्या कडेला दगडाआड बसलो आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो.

त्या बुधवारी धुकं होतं. सव्वासहाला एक हिरवी सायकल नाल्याच्या चिखलातून आली. किडकिडीत माणूस, मफलर, शाल. गेट किलकिलं झालं, तो आत गेला. जाताना चिखलानं भरलेलं मडगार्ड मला दिसलं. आकडे दोन. पहिला दोन. दुसरा एक.

एकवीस, म्हणजे तो उस्मानाबादकडचा. माझं डोकं फिरलं. कारण त्या आधीच्या आठवड्यात मी दोनदा त्याच्या खोलीवर गेलो होतो आणि दोन्ही वेळा त्याची बायको दार अर्धं उघडून म्हणाली होती, "भाईर गेलेत." कुठं, ते सांगेना. आता कळलं कुठं, असं मला वाटलं. दुसरा कुणी असता तर मी एकदा गेटपर्यंत पळत जाऊन खात्री केली असती. पण तो माझा मित्र होता, म्हणून राग दुप्पट झाला, आणि रागात मी कधीच खात्री करत नसे.

मी जाऊन दादाला सांगितलं, "एकवीस."

दुपारी चारला आम्ही सहा जण निगडीच्या मोकळ्या प्लॉटांपाशी थांबलो. तेव्हा तिथं बंगले नव्हते, नुसते हद्दीचे दगड आणि कुसळं. त्याची खोली त्या बाजूला होती. आम्ही तोंडाला टॉवेल बांधले होते. तो आला, पण कंपनीच्या बाजूनं नाही. तळवड्याच्या, म्हणजे चाकणच्या रस्त्यानं आला. हे आमच्यातल्या एकालाही खटकलं नाही. दादा म्हणाला, "वळसा घालून आला बघा, हरामखोर."

सायकलच्या चाकात गज घातला. तो हँडलवरून उडून तोंडावर पडला. मग चौघांनी त्याला चेननं आणि लाथांनी बडवायला सुरुवात केली. माझ्या हातात पंप होता, लोखंडी. तो मी त्याच्या पाठीत घातला, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितोय. बरं वाटलं. तो ओरडत होता, "कामून मारायलाव? अरं, म्या न्हाई गेलो! लेकरांची शपथ, म्या न्हाई गेलो!" त्याची सायकल बाजूला पडली होती आणि तिच्या कॅरिअरच्या स्प्रिंगमध्ये कांद्याची सालं अडकली होती. ती मी बघितली. बघून पुन्हा पंप मारला.

दादा अजून बाजूला उभा होता. तो म्हणाला, "बास. आता ज्या हातानं मशीन चालवलं तो हात."

हद्दीच्या दगडावर त्याचा उजवा हात ठेवला. दोघं छातीवर बसले. मनगट धरायला कुणी तरी पाहिजे होतं आणि मी सगळ्यात जवळ होतो. मी धरलं. गज दोनदा पडला. हाडाचा कडका मी कानानं ऐकला असेलच, पण मला आठवतं ते हे की तो त्याच्या मनगटातून माझ्या तळव्यात आला. तो ओरडायचा थांबला आणि टॉवेलच्या वरच्या माझ्या डोळ्यांकडं बघत राहिला. आम्ही पळालो. त्याला एका दूधवाल्यानं दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी मी सायकलमध्ये हवा भरायला दुकानात गेलो. दुकानदार पंक्चर काढत होता. मान वर न करता म्हणाला, "एकवीसचा हात मोडला म्हनं कुनी तरी."

"तो कामावर गेला होता," मी म्हणालो.

"कवा?"

"बुधवारी. पहिल्या शिफ्टला. मी स्वतः बघितलं मागच्या गेटवर."

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "बुधवारी तर त्यो चाकणला व्हता. बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्या उचलाया जातोय, महिना झाला. तांबडं फुटायच्या आदी मीच सायकल दिली. कुनाला सांगू नगा म्हनला, लेथवरचा मानूस हमाली करतोय म्हनून लोक हासत्याल."

मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं माझी मान धरली आणि मला ओळीच्या टोकाला नेऊन एका सायकलीमागं गुडघ्यावर बसवलं. मडगार्डवर नाल्याचा काळा चिखल वाळलेला. दोन, आणि एक. त्यानं अंगठ्यानं चिखल खरवडला. फाटा निघाला. बोटाच्या पेराएवढा.

ती माझी सायकल होती. चार वर्षं मी तिच्यावर बसलो होतो, तिचा प्रत्येक ओरखडा मला माहीत होता, आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

"फाटा बग की रं, मुडद्या," तो म्हणाला आणि टायरच्या तुकड्यानं मारत सुटला. खांद्यावर, कानावर, हातांवर. मी हात आडवा केला नाही. थकल्यावर तो म्हणाला, एकोणतीस हल्ली पॅकिंगमधल्या एकाकडं असते, आणि तो कोण ते मला सांगितलं. मी त्याला म्हणालो, तुम्ही चला, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "मी दुकानदार. माझ्या गिऱ्हाइकाची बाजू घेतोय म्हनत्याल आन् शेड जाळत्याल. तू बगितलंस, तूच सांग. तुजं ऐकत्याल."

मी सांगितलं. हे माझ्या बाजूनं एवढंच आहे, म्हणून नोंदवतो. त्याच संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन मी म्हणालो, "चूक झाली. एकवीस नव्हता, एकोणतीस होता."

दादानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मारलाय ना?"

"हो."

"मग गेलाच असणार." त्यानं माझा उजवा हात धरून टेबलावर ठेवला, बोटं नीट पसरली आणि मनगटाच्या खाली अंगठा दाबला, बरोबर त्या जागी. "गेला नव्हता म्हटलंस तर आपण कोण ठरतो, भावा? पोलीस केस कुणावर होते? कंपनी तर टपून बसलीय." अंगठा आणखी रुतला. "वहिनींना कितवा महिना?"

मी म्हणालो, "सातवा."

"मग जप," तो म्हणाला. माझं मनगट आठवडाभर काळंनिळं होतं. मी एकोणतीसचं नाव पुन्हा कुणाजवळ काढलं नाही.

नवव्या आठवड्यात समेट झाला. युनियन जी यादी देईल तेवढ्यांना कंपनी कामावर घेणार, असं ठरलं. दुपारी गेटसमोर मीटिंग होती. दादा एका ड्रमवर उभा राहून यादी वाचत होता, खाली चार-पाचशे माणसं. ज्यांनी संप फोडला त्यांची नावं यादीत नव्हती, आणि त्यात माझा मित्रही होता.

वाचून संपलं तेव्हा तो पुढं आला. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. एका डोळ्याखालचा निळा डाग अजून गेला नव्हता. लोकांनी शिव्या सुरू केल्या, कुणी तरी चप्पल फेकली, ती त्याच्या छातीवर बसली. तो तिथंच उभा राहून ओरडला, "हात गेला तर जाऊ द्या. डाव्यानं झाडू मारतो. पर म्या गद्दार न्हाई. ज्यानं मला बघितलं त्यानं म्होरं यावं आन् माझ्या तोंडावर सांगावं. सांगितलं तर म्या ह्या गावात ऱ्हात न्हाई."

दादानं गर्दीत मला शोधलं. तो ड्रमवरून उतरला आणि जागा करून दिली.

मी वर चढलो. स्वच्छ ऊन होतं. धुकं नव्हतं, चिखल नव्हता. चार-पाचशे तोंडं वर झाली होती आणि मला एक शब्द बोलायचा होता. दोन शब्दांपैकी एक. खरा शब्द माझ्या जिभेवर होता, याची मी शपथ घेतो. मग मला माझं मनगट दुखल्यासारखं वाटलं. घरी बायको होती. खाली दादा वर बघत होता.

"एकवीस," मी म्हणालो.

गर्दी ओरडली. त्यानं डावा हात वर केला, तसा थोडा आवाज कमी झाला. तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, सायकलजवळ बसून विचारावं तसं, "फाटा बघितला व्हता का, भाऊ?"

त्या गर्दीत हा प्रश्न कुणालाही कळला नाही. मला एकट्याला कळला.

"बघितला," मी म्हणालो. "नव्हता."

त्यानं मान हलवली. मग लोक त्याच्यावर पडले. आधी दोघं-चौघं, मग ज्याला पोचता आलं तो प्रत्येक जण. तो मोडका हात पोटाशी घेऊन वाकला आणि तसाच वाकून, गुद्दे आणि लाथा खात, गर्दीतून वाट काढत रस्त्याकडं गेला. कुणी वाट दिली नाही. त्याची बायको पलीकडच्या टपरीपाशी दोन मुलींना घेऊन उभी होती. तिनं मुलींची तोंडं पदरात धरली होती. मी ड्रमवर उंच होतो, त्यामुळं मला सगळं शेवटपर्यंत दिसलं. त्या आठवड्यात त्यांनी खोली सोडली. कुठं गेले, ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. असेल तरी त्यानं मला सांगितलं नसतं. त्यानंतर मी त्याच्यासमोर कितीदा गेलो, तो माझ्याशी बोलला नाही आणि त्यानं मला मारलंही नाही.

सोमवारी पहिली शिफ्ट सुरू झाली. आत जाण्यासाठी गेटवर रांग लागली होती. माझ्या पुढं पॅकिंगमधला तो माणूस उभा होता. त्याचं नाव यादीत होतं. त्यानं चुना लावून तंबाखू मळली, मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि हसून तळवा पुढं केला. मी चिमूट घेतली, दाढेखाली ठेवली आणि त्याच्या मागोमाग आत गेलो.